मोरिवलीहून आलेली ग्रहाची बातमी

बातमीदाराला पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवतात. ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याला छापण्याआधी फोन करायचा, त्याचं म्हणणं घ्यायचं आणि ते बातमीत घालायचं. माणूस सापडला नाही तर 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहायचं, पण आधी खरोखर संपर्क करून बघायचा. या नियमाला कुठेही न लिहिलेली एक सवलत होती. बातमी कौतुकाची असेल तर फोन करायची गरज नाही. स्वतःच्या कौतुकाबद्दल कोण तक्रार करणार? ही सवलत मी चौदा वर्षं वापरली. त्यांतल्या एका वेळेबद्दल हा मजकूर आहे.

मी एका मराठी दैनिकाची अंबरनाथची बातमीदार होते. स्टेशनकडून शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, हे आमचं कार्यालय. दोन टेबलं, एक संगणक, एक फॅक्स मशीन. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या बातम्या तिथून ठाण्याला जायच्या. पाणी, भारनियमन, नगरपालिकेची सभा, कारखान्यांतून येणारा वास, अपघात. या रोजच्या बातम्यांखाली पानावर जी जागा उरे ती कौतुकाच्या बातम्यांनी भरायची. त्या बातम्या आणायला मला कुठे जावं लागत नसे. त्या जिना चढून येत.

आणणाऱ्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फोटो, फोटोच्या मागे नाव. मुलीला नव्वद टक्के, भाच्याला कराटेत पदक, सासऱ्यांना मंडळाचा पुरस्कार. शिरगावचे एक निवृत्त गृहस्थ स्वतःच्या सत्काराची बातमी सत्काराच्या दोन दिवस आधीच लिहून आणत. 'कार्यक्रम उत्साहात पार पडला. सभागृह खचाखच भरले होते.' एकदा तो कार्यक्रम झालाच नाही आणि आमच्या पानावर मात्र तो उत्साहात पार पडला. दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले. तक्रार कुणीच केली नाही. सवलत बरोबर आहे याचा मी तो आणखी एक पुरावा मानला.

किसन साळवे आले ते अशाच एका दुपारी. दोन हजारनंतरच्या दशकाचा तो मध्य होता. साळवे मोरिवलीत राहायचे आणि तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होते. वय पन्नाशीच्या पुढे. पहिली पाळी संपवून थेट आले होते. हात धुतलेले, पण नखांच्या कडेला तेल.

"मॅडम, ग्रहाची बातमी घेता का?"

"भविष्याचं पान ठाण्याला असतं," मी म्हटलं.

"भविष्य नाही हो. आमच्यात ते बघत पण नाहीत. खराखुरा ग्रह. आमच्या पोरीने शोधलाय."

मुलीचं नाव वैशाली. नगरपालिकेच्या शाळेत शिकलेली, पुढे उल्हासनगरच्या कॉलेजात आणि आता दक्षिणेतल्या एका खगोल संशोधन संस्थेत पीएच.डी. करणारी. दर रविवारी सकाळी ती घरी फोन करी. त्या रविवारी तिने वडिलांना ग्रहाबद्दल सांगितलं होतं.

"दिसला का तिला?" मी विचारलं.

"दिसत नाही. तीच तर गंमत आहे." साळव्यांनी टेबलावरचा चहाचा कप उचलून मधोमध ठेवला. "हा तारा. आता असं धरा, की मी टर्नर आहे. लेथच्या चकमध्ये जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, बसवला आणि तो एका बाजूला जड असला, तर मशीन थरथरतं. तुम्ही डोळे मिटून उभ्या रहा. जॉब दिसत नाही तुम्हाला. पण मशीनवर हात ठेवला की कळतं, वजन आहे, अमुक एवढं आहे, एवढ्या वेळात एक फेरा घेतंय. ही पोरं तेच करतात. तारा थोडा आपल्याकडे सरकतो, थोडा मागे जातो. म्हणजे त्याच्याभोवती काहीतरी जड फिरतंय."

"किती जड?"

"आपला गुरू आहे ना, तसे पाच-सहा एकत्र करा. नुसता वायू. पाय ठेवायला जमीन नाही."

"आणि तारा?"

"तारा म्हातारा. फुगलेला. आपला सूर्य त्याच्यापुढे बोराएवढा. इतका लांब, की त्याचा आजचा उजेड शेकडो वर्षांपूर्वी निघालेला. त्याला नाव पण नाही. कारखान्यात आमचा असतो तसा कार्ड नंबर आहे नुसता."

खगोलशास्त्रावरची इतकी स्वच्छ मुलाखत मला आधी आणि नंतर मिळाली नाही. मी लिहून घेत होते. शेवटी साळवे म्हणाले, "फक्त एक आहे. असले म्हातारे तारे स्वतःच धडधडतात. अंगावर डाग असतात, ते पण फिरतात. म्हणजे बेअरिंग गेलं असलं तरी मशीन तसंच थरथरतं. पोरगी म्हणते, बाबा, हा जॉब आहे की बेअरिंग, ते अजून बघायचंय."

हे वाक्य माझ्या वहीत आहे. बातमीत नाही. कौतुकाच्या बातमीत 'परंतु' हा शब्द घातला की ती कौतुकाची राहत नाही, आणि पानावर तिच्यासाठी जी जागा होती ती तीन परिच्छेदांची होती. साळव्यांनी वैशालीच्या हॉस्टेलचा नंबर न मागता दिला. तोही वहीत आहे. मी फोन केला नाही.

गुरुवारी बातमी आली. 'मोरिवलीच्या कन्येने शोधला महाकाय ग्रह.' शेजारी कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, कोपऱ्यात अर्धा शिक्का. कारखान्याच्या सूचनाफलकावर कात्रण लागलं. वॉर्डातल्या नगरसेवकांनी येता रविवार सोडून पुढच्या रविवारी सत्कार जाहीर केला आणि फ्लेक्सची ऑर्डर उल्हासनगरला गेली. तिथे चेलाराम शेठ यांचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. तिन्ही शहरांतले वाढदिवस, श्रद्धांजल्या आणि निवडी त्यांच्याच मशीनवर छापल्या जात. शुक्रवारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, वो ग्रह का फोटो भेजो ना."

"फोटो नाहीये शेठ. तो दिसत नाही."

"दिसत नाही तो मिला कैसे?"

मी कप, तारा, मशीन असं काहीतरी सांगू लागले. ते मधेच म्हणाले, "साईं, मैं रिंगवाला लगा देता हूं. पब्लिकला रिंगवालाच ग्रह वाटतो."

शनिवारी चार नाक्यांवर फ्लेक्स लागले. डावीकडे वैशाली, उजवीकडे शनी, मधे नगरसेवक. नगरसेवक शनीपेक्षा मोठे होते.

सोमवारी सकाळी अकराला कार्यालयातला फोन वाजला.

"मी वैशाली साळवे बोलतेय. तुम्ही माझी बातमी छापलीत."

"अभिनंदन," मी म्हटलं. मी पहिला शब्द हाच उच्चारला होता, म्हणून इथे नोंदवते.

"मॅडम, तुम्ही माझ्याशी बोलला का नाहीत?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे उत्तर देणं जास्त अवघड होतं. मग तीच पुढे सांगू लागली. हे काम तिचं एकटीचं नव्हतं. तीन संस्थांचे मिळून दहा-बाराजण त्या ताऱ्यावर तीन वर्षं नजर ठेवून होते. परदेशातला दुसरा एक गट त्याच ताऱ्यामागे आहे असा त्यांना संशय होता. शोधनिबंध स्वीकारला जाईपर्यंत कुणीही बाहेर बोलायचं नाही, असं सगळ्यांनी सही करून मान्य केलं होतं. आणि मुळात तो ग्रहच आहे हे अजून ठरलेलं नव्हतं.

"पण आमचं पान तुमच्याकडे येत नाही," मी म्हटलं.

"आमच्या इथे बदलापूरचे एक सर आहेत. त्यांच्या भावाने कात्रण स्कॅन करून पाठवलं. कौतुकानेच पाठवलं. सरांनी ते सगळ्यांना दाखवलं. त्यांनीही कौतुकानेच."

पुढच्या मंगळवारी समिती बसणार होती. वैशालीला प्रकल्पात ठेवायचं की काढायचं, हा एकच विषय.

"काढलं तर?"

"निरीक्षणं प्रकल्पाची आहेत. माझी नाहीत. प्रबंध त्यांच्यावरच आहे. शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष चालू आहे, नवीन विषय घेता येणार नाही. घरी येईन."

तिने दोन गोष्टी मागितल्या. आता आणखी काही छापून यायला नको, सत्काराची बातमी तर नकोच. आणि बातमी वृत्तपत्राला तिने दिलेली नाही, असं आमच्याकडून लेखी हवं. फोन ठेवताना म्हणाली, "आणि मॅडम, बाबांना लागेल असं काही बोलू नका."

ठाण्याला आमच्या पानाच्या प्रमुखांना मी सगळं सांगितलं. खुलासा छापावा का, असं विचारलं. ते म्हणाले, "कौतुकाच्या बातमीला खुलासा? काय लिहायचं, ग्रह सापडलेला नाही, दिलगीर आहोत? अगं, ज्यांनी वाचलं नव्हतं तेही आता वाचतील." खुलासा छापला नाही. तो निर्णय चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही.

संध्याकाळी मोरिवलीला गेले. साळव्यांचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत होतं. मी खुर्चीत, ते पलंगावर. मी झालेलं सगळं सांगितलं. संपल्यावर म्हणाले, "तिने सांगितलं होतं."

"काय?"

"कुणाला सांगू नका म्हणून. बाबा, फक्त तुम्हाला सांगतेय, असं म्हणाली होती."

"मग?"

"तीस वर्षं कंपनीत आहे मॅडम. गेटवर मला नंबरने हाक मारतात. गुरुवारी वॉचमन म्हणाला, या साळवेसाहेब." ते नखाच्या कडेचं तेल अंगठ्याने खरवडत राहिले. "तुम्ही विचारलं असतं ना, की पोरीने सांगू नका म्हटलंय का, तर मी खोटं नसतो बोललो."

त्यांनी हे दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. ते खरं होतं, एवढंच.

आता आठ दिवस होते, आणि त्यांत सत्काराचा रविवार. सत्काराला दुसऱ्या दैनिकांचे बातमीदार येणार, केबलवाल्याचा कॅमेरा येणार. ते दाखवलं गेलं असतं तर मंगळवारी समितीपुढे ठेवायला आणखी एक कागद झाला असता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नगरसेवकांकडे गेलो.

"साळवे, मंडप सांगितलाय," नगरसेवक म्हणाले. "पोरगी येत नसेल तर नको येऊ दे. आपण बापाचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. तुम्ही नुसतं बसायचं."

"मी बसणार नाही."

"का? आजारी आहात?"

"नाही."

"मग कुणी काही बोललं का? नाव सांगा."

"कुणी नाही. नको म्हणजे नको, साहेब."

नगरसेवक माझ्याकडे वळले. "बघा मॅडम. पोरगी आकाशात गेली, आता वॉर्डातली शाल टोचायला लागली." साळव्यांनी मान खाली घातली आणि ते ऐकून घेतलं. खरं कारण सांगितलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत चारही नाक्यांवर पोचलं असतं. सत्कार रद्द झाला. फ्लेक्स उतरवायला मात्र नगरसेवक तयार झाले नाहीत. उतरवले तर लोक विचारतील काय भानगड झाली, हे त्यांचं म्हणणं होतं.

बुधवारी मी चेलाराम शेठना फोन केला. फ्लेक्स नगरसेवकांचे असले तरी ज्या लोखंडी चौकटींवर ते ताणलेले होते त्या शेठच्या होत्या, भाड्याने दिलेल्या. हे मला माहीत होतं.

"उतारना है? क्यों? छपाई में कुछ गलती है क्या?"

"छपाई चांगली आहे शेठ."

"लड़की का मामला है?"

"हो."

"तो फिर पूछना क्या." त्याच दुपारी त्यांची माणसं टेम्पो घेऊन आली आणि चौकटी घेऊन गेली. नगरसेवकांचा फोन आल्यावर त्यांनी सांगितलं, उल्हासनगरला एका मोठ्या माणसाचा वाढदिवस आहे, फ्रेम कमी पडल्या. नगरसेवक त्यांच्यावर चिडले आणि पुढचे दोन वाढदिवस त्यांनी कल्याणला छापून घेतले.

पत्रं राहिली होती. माझं पत्र तीन वाक्यांचं होतं. ही माहिती वैशाली साळवे यांनी आम्हाला दिलेली नाही. छापण्यापूर्वी आम्ही त्यांच्याशी संपर्क साधला नाही. त्याबद्दल जबाबदारी आमची आहे. त्यावर वृत्तपत्राचा शिक्का मारण्याची परवानगी ठाण्याहून मिळायला शनिवार उजाडला.

सोमवारी दुपारी साळवे स्वतःचं पत्र घेऊन आले. वहीच्या पानावर, मराठीत. 'माझ्या मुलीने मला या विषयी काहीही सांगितलेले नाही. ती सुट्टीत घरी आली असता मी तिच्या बॅगेतील कागद तिच्या अपरोक्ष वाचले व अर्धवट समजून पेपरात दिले. चूक माझी एकट्याची आहे.'

"हे खरं नाही," मी म्हटलं.

"माहितीये. तुम्ही फक्त इंग्रजी करून द्या."

"साळवे, असं लिहून..."

"मॅडम, कात्रण तुमचं गेलं ना? मग माझा एक कागद जाऊ द्या."

मी इंग्रजी करून दिलं. मजकूर खोटा आहे हे मला माहीत होतं. सही त्यांची, भाषा माझी.

संस्थेला शनिवार-रविवार सुट्टी होती, आणि समितीसाठी पत्रं त्या दिवशी पाचच्या आत तिथे पोचायला हवी होती. अंबरनाथला त्या दिवशी दुपारचं भारनियमन होतं, फॅक्स बंद. झेरॉक्सवालाही बंद. आम्ही रिक्षाने उल्हासनगरला चेलाराम शेठच्या दुकानी गेलो, कारण तिथे जनरेटर होता. फ्लेक्सचं मशीन चालू असताना फॅक्सची लाइन तुटायची. शेठनी अर्धा छापून झालेला एक फ्लेक्स थांबवला. कुणाचा तरी चेहरा नाकापर्यंत बाहेर आला होता. पहिल्या तीन वेळा पलीकडचा नंबर लागला नाही. चौथ्यांदा कागद आत ओढला गेला आणि मधेच अडकला. पाच वाजायला दहा मिनिटं असताना मशीनमधून पोच मिळाल्याची चिठ्ठी बाहेर आली. साळव्यांनी ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

मंगळवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि आमच्या कार्यालयात येऊन बसले. घरी फोन आला असता तरी चाललं असतं. पण ते इथे आले. मी बदलापूरच्या पाणीटंचाईची बातमी टाइप करत होते. एकच परिच्छेद मी चारदा पुसला. ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. दर वेळी फोन वाजला की उभे राहत. एक फोन शिवमंदिराजवळच्या फुटलेल्या गटाराचा होता, एक शिरगावच्या त्या गृहस्थांचा. साळवे पुन्हा बसत.

साडेचारच्या सुमारास वैशालीचा फोन आला.

"ठेवलंय," ती म्हणाली.

मी साळव्यांकडे बघून मान हलवली. ते भिंतीला टेकले.

"लेखी ताकीद दिली. दुर्बिणीवरच्या माझ्या पाळ्या दुसऱ्या मुलाला दिल्या. प्रबंध पूर्ण करता येईल." मग तिने विचारलं, "बाबांचं पत्र इंग्रजीत कुणी लिहिलं?"

"मी."

"मला त्यांनी आत बोलावलं तेव्हा पहिलाच प्रश्न होता, घरी सांगितलं होतं का. मी हो म्हटलं. बाबांना सांगितलं होतं, आणि कुणाला सांगू नका म्हटलं होतं. चूक झाली म्हटलं. समितीतल्या सरांनी ते मान्यही केलं, घरी कोण सांगत नाही. त्यानंतर त्यांनी फाइलमधून बाबांचं पत्र काढून वाचलं."

मी टेबलावरची पत्राची प्रत उलटी ठेवली.

"मॅडम, पाठवण्याआधी मला एक फोन केला असतात तर."

दुसऱ्यांदा तेच झालं होतं. पत्र तिच्या बाजूचं होतं. बाजूने लिहिलेल्या मजकुरासाठी कुणाला विचारायचं नसतं, ही चौदा वर्षांची सवय होती. समितीपुढे एकाच दुपारी दोन गोष्टी आल्या. मुलीचा खरा जबाब, आणि तो खोटा ठरवणारं बापाचं पत्र. ते पत्र तिने बापाकडून लिहवून घेतलं असावं, अशी शंका समितीतल्या एकाने बोलून दाखवली होती. तिने ती नाकारली. नोंद मात्र झाली.

हे मी त्या दिवशी साळव्यांना सांगितलं नाही. "ठेवलंय" एवढंच सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "पत्राचा उपयोग झाला ना?" दोन्ही वेळा मी "हो" म्हटलं.

पुढची अडीच वर्षं तो तारा तपासला जात होता. उजेड कमी-जास्त होतो का, डागांचा फेरा किती दिवसांचा, थरथर त्याच तालात येते का. शेवटी बेअरिंग नव्हतं, जॉबच होता. शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वृत्तसंस्थेकडून चार ओळी आल्या, ठाण्याच्या सहकाऱ्याने त्या आतल्या पानावर लावल्या. मोरिवलीचा उल्लेख नव्हता. असायचं कारणही नव्हतं.

त्यानंतर आठवड्याभरात साळवे आले. तोवर ते निवृत्त झाले होते, नखं स्वच्छ होती. पिशवीतून त्यांनी निबंधाची छापील प्रत काढली. वैशालीने पोस्टाने पाठवली होती. पहिल्या पानावर शीर्षकाखाली तेरा नावं होती. मी ती वाचली. मग पुन्हा वाचली. वैशालीचं नाव त्यांत नव्हतं.

"इथे नाही, मागे," साळवे म्हणाले. त्यांनी शेवटचं पान उलटलं. तिथे आभाराचा परिच्छेद होता. अनुदान देणाऱ्यांचे आभार, दुर्बिणीवरच्या कर्मचाऱ्यांचे आभार, आणि मग, सुरुवातीच्या निरीक्षणांमधल्या मदतीबद्दल व्ही. साळवे यांचे आभार. नावाखाली पेन्सिलीची रेघ होती.

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. संशोधनाच्या धंद्यात वरच्या यादीत नाव असणं म्हणजे शोध तुमचा. खालच्या परिच्छेदात असणं म्हणजे तुम्ही उपयोगी पडलात. या दोन जागांमध्ये माणसाची पुढची नोकरी असते. तिचं नाव वरून खाली आलं ते आमच्या बातमीमुळे, पत्रामुळे, की पाळ्या काढून घेतल्यामुळे तिचं काम खरंच तेवढंच उरलं म्हणून, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.

"ही वरची सगळी कोण?" साळव्यांनी विचारलं.

"टीममधले लोक."

"आणि हिचं एकटीचं मागे, वेगळं." त्यांनी पानावरून हात फिरवला. "बरोबर आहे. कार्यक्रमात पण अध्यक्ष शेवटीच बोलतो. आधी सगळे बोलून घेतात."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. समजावून सांगणं हेच माझं काम होतं आणि दोन वाक्यांत सांगण्याजोगं होतं.

"हो," मी म्हटलं.

"मग झालं तर." त्यांनी प्रत पिशवीत ठेवली, चहा घेतला आणि गेले. त्यानंतर मी त्यांना दोन-तीनदा रस्त्यात भेटले. तो विषय निघाला नाही. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली.

वैशाली परराज्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हा मजकूर छापायला देण्याआधी मी तिला फोन केला आणि सगळा वाचून दाखवला. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या, दोन्ही ताऱ्याविषयीच्या. त्या केल्या आहेत. शेवटचा भाग तिने पुन्हा एकदा वाचायला लावला.

मग म्हणाली, "बाबा तुमच्याकडे आले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला होता. वरची नावं म्हणजे काय, खालचं म्हणजे काय, माझं का नाही, सगळं सांगितलं. पत्राचंही सांगितलं. पाऊण तास बोलत होतो."

"मग ते माझ्याकडे का आले?"

"म्हणाले, मॅडमना एकदा दाखवून येतो. त्यांच्या मनातून ते बातमीचं जात नाहीये."